पदार्थाच्या अवस्था आणि कणांचे वर्तन : पीण्या औद्योगिक क्षेत्राच्या अनुषंगाने

सामान्य विज्ञानाच्या अभ्यासक्रमातील ‘पदार्थाच्या अवस्था’ हा घटक बहुतेक विद्यार्थी शालेय वयातच शिकतात आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीत तो सोपा म्हणून बाजूला ठेवतात. स्थायूतील कण घट्ट बांधलेले, द्रवातील कण घरंगळणारे आणि वायूतील कण मोकळे, ही तीन चौकटींची आकृती प्रत्येकाच्या स्मरणात असते. परंतु या आकृतीवरून काही प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. स्थायूतील कण जागचे हलत नसतील, तर पोलादाच्या दंतचक्रात कार्बन शिरतो कसा? ऑक्सिजन दाबाखाली सिलिंडरमध्ये वायूच राहतो आणि स्वयंपाकाचा गॅस मात्र द्रव होतो, असे का? अशा प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी प्रयोगशाळेपेक्षा औद्योगिक वसाहत अधिक उपयोगी पडते. तेथे पदार्थाची अवस्था बदलणे हाच रोजचा व्यवसाय असतो आणि त्यात झालेल्या चुकीची किंमत गुणांत नव्हे, तर माणसांच्या आरोग्यात मोजावी लागते.

बंगळूरच्या वायव्येस, तुमकूर मार्गालगत वसलेले पीण्या औद्योगिक क्षेत्र या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. १९७० च्या दशकात आकारास आलेल्या या क्षेत्राचा विस्तार सुमारे ४० चौरस किलोमीटर सांगितला जातो. आग्नेय आशियातील सर्वांत मोठ्या औद्योगिक क्षेत्रांपैकी एक, असे त्याचे वर्णन वारंवार वाचावयास मिळते. भारत आग्नेय आशियात मोडत नाही, ही भूगोलातील साधी बाब त्या वर्णनात बहुधा सोयीने विसरली जाते. ते काहीही असले, तरी क्षेत्राचे महत्त्व वादातीत आहे. जवळच्या जाळहळ्ळी परिसरात १९५० च्या दशकात हिंदुस्थान मशीन टूल्स आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स हे सार्वजनिक उपक्रम उभे राहिले आणि त्यांच्यासारख्या मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या लघुउद्योगांची परंपरा या भागात रुजली. ओतशाळा, यंत्रकाम, उष्मोपचार, विद्युतविलेपन, पावडर कोटिंग, वेल्डिंग असे धातूवर होणारे जवळजवळ सर्व संस्कार येथे काही किलोमीटरच्या परिघात पाहावयास मिळतात.

ओतशाळेतील वितळणे आणि गोठणे

कोणत्याही पदार्थाची अवस्था दोन परस्परविरोधी गोष्टींच्या तोलावर ठरते. कणांमधील आकर्षण त्यांना एकत्र बांधू पाहते, तर कणांची गतिज ऊर्जा त्यांना दूर नेऊ पाहते. तापमान हे या सरासरी गतिज ऊर्जेचेच माप होय. स्थायूतही कण स्थिर नसतात. ते आपापल्या जागेभोवती सतत कंप पावत असतात. तापमान वाढविले की कंपने मोठी होतात आणि एका ठराविक बिंदूला जालकाची रचना टिकून राहणे अशक्य होते. हाच द्रवणांक. ॲल्युमिनियमसाठी तो ६६०, तांब्यासाठी १०८५ आणि शुद्ध लोखंडासाठी १५३८ अंश सेल्सिअस आहे. ओतीव लोखंडात कार्बन व सिलिकॉन मिसळलेले असल्याने ते १२०० अंशांच्या आतच वितळते. लहान ओतशाळांना ओतीव लोखंड परवडते, याचे हे एक मोठे कारण आहे.

वितळण्याच्या काळात भट्टी उष्णता देत राहते आणि तरीही धातूचे तापमान वाढत नाही. ही उष्णता कणांचा वेग वाढविण्यात नव्हे, तर त्यांची बांधणी सैल करण्यात खर्च होते. तिला अप्रकट उष्मा म्हणतात. एक ग्रॅम ॲल्युमिनियम वितळविण्यासाठी सुमारे ४०० ज्यूल लागतात. पाण्याच्या बाबतीत हे आकडे परीक्षेसाठी लक्षात ठेवण्याजोगे आहेत : एक ग्रॅम बर्फ वितळण्यास ३३४ ज्यूल, तेच पाणी शून्यापासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे ४१८ ज्यूल आणि त्याची वाफ होण्यास सुमारे २२६० ज्यूल. वाफेचा आकडा वितळण्याच्या आकड्याच्या जवळजवळ सातपट का असावा? वितळताना रेणू आपली जागा सोडतात, पण शेजाऱ्यांचा सहवास सोडत नाहीत. बाष्पीभवनात मात्र प्रत्येक रेणूला सर्व शेजाऱ्यांपासून पूर्णपणे सुटावे लागते. येथेच आणखी एक बाब नमूद करावी. बंगळूर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरपेक्षा अधिक उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब कमी असल्याने पाणी सुमारे ९७ अंशांनाच उकळते. उत्कलनांक हा पदार्थाचा गुणधर्म असला, तरी तो दाबाशी बांधलेला असतो. १०० अंश हा आकडा समुद्रसपाटीवरील दाबापुरताच खरा आहे.

गोठण्याची क्रिया वितळण्याच्या नेमकी उलट असली, तरी ओतकामगाराच्या दृष्टीने खरी अडचण गोठण्यातच असते. द्रवातील विस्कळीत अणू जालकात शिस्तीने बसू लागले की कमी जागा व्यापतात. शुद्ध ॲल्युमिनियमचे आकारमान गोठताना सहा टक्क्यांहून थोडे अधिक घटते. साच्याच्या कडा आधी गोठतात आणि जाड भाग शेवटी गोठतो. त्या शेवटच्या भागाला आणखी रस मिळाला नाही, तर आत पोकळी राहते. म्हणून साच्याला जोडून रसाचा एक अतिरिक्त साठा ठेवला जातो. ओतशाळेत त्याला रायझर म्हणतात. रायझर सर्वांत शेवटी गोठला पाहिजे, हा तेथील साधा पण कठोर नियम आहे. राखाडी ओतीव लोखंडात गोठताना कार्बनाचे ग्रॅफाइट वेगळे होते व ते जास्त जागा व्यापते, त्यामुळे आकुंचनाची बरीच भरपाई आपोआप होते. पाणी तर गोठताना सुमारे नऊ टक्के प्रसरण पावते, कारण बर्फातील रेणू हायड्रोजन बंधांमुळे मोकळ्या, पोकळ रचनेत बसतात. ‘स्थायूतील कण द्रवातील कणांपेक्षा नेहमीच जवळ असतात’ हे विधान परीक्षेत आल्यास ते चूक ठरवावे लागेल.

ॲल्युमिनियमच्या ओतकामात आणखी एक सूक्ष्म शत्रू असतो. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये हायड्रोजन चांगला विरघळतो आणि तो हवेतील किंवा भंगारातील ओलाव्यातून येतो. धातू गोठताच त्याची हायड्रोजन सामावून घेण्याची क्षमता सुमारे वीसपटीने घटते. बाहेर पडू पाहणारा हा वायू गोठत्या धातूत अडकतो आणि वस्तूत सूक्ष्म छिद्रे राहतात. वरून गुळगुळीत दिसणारा पंपाचा भाग दाबाखाली पाझरू लागतो, त्यामागे अनेकदा हे कारण असते. उपाय म्हणून ओतण्यापूर्वी रसातून नायट्रोजन किंवा आर्गॉनचे बुडबुडे सोडतात. हायड्रोजन त्या बुडबुड्यांत शिरतो आणि त्यांच्यासोबत वर निघून जातो.

ओलाव्याचा दुसरा धोका याहून भयंकर आहे. पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान सुमारे १६०० ते १७०० पट होते. ओला भंगार तुकडा वितळलेल्या धातूखाली बुडाला, तर ही वाढ क्षणार्धात घडते आणि तापलेला रस उसळून बाहेर फेकला जातो. पावसात भिजलेले भंगार तापवून कोरडे केल्याशिवाय भट्टीत टाकू नये, हा नियम म्हणूनच काटेकोरपणे पाळावा लागतो.

स्थायूच्या आतील प्रवास

एखाद्या दंतचक्राचा पृष्ठभाग झीज सोसण्याइतका कठीण हवा आणि गाभा मात्र धक्का सोसण्याइतका चिवट हवा, अशी यंत्रनिर्मात्याची मागणी असते. पीण्यासारख्या क्षेत्रातील उष्मोपचार केंद्रे ती कार्बनीकरणाने पुरी करतात. कमी कार्बन असलेल्या पोलादाचा भाग ९०० ते ९५० अंश तापमानाला, कार्बनयुक्त वायूच्या वातावरणात काही तास ठेवला जातो. या काळात पोलाद वितळत नाही. ते पूर्णपणे स्थायूच असते. तरीही कार्बनाचे अणू पृष्ठभागातून आत शिरतात.

हे शक्य होण्यामागे दोन कारणे आहेत. लोखंड सुमारे ९१२ अंशांना आपली जालकरचना बदलते. त्याखाली घनाच्या मध्यभागी एक अणू असलेली रचना असते, तर त्यावर घनाच्या प्रत्येक पृष्ठाच्या मध्यभागी अणू असलेली रचना असते. म्हणजे अवस्था न बदलताही पदार्थाचे रूप बदलू शकते. दुसऱ्या रचनेत अणूंमधील फटी मोठ्या असतात आणि कार्बनाचा लहान अणू त्यात मावतो. ती दोन टक्क्यांपर्यंत कार्बन सामावू शकते, पहिली मात्र एका टक्क्याचा शतांशही जेमतेम पेलते. दुसरे कारण म्हणजे उष्णतेने वाढलेली कंपने. त्यांच्यामुळे कार्बनाचा अणू एका फटीतून शेजारच्या फटीत उडी मारू शकतो. या उड्यांना दिशा नसते, पण बाहेर कार्बन जास्त आणि आत कमी असल्याने एकूण प्रवाह आतल्या बाजूस होतो. यालाच विसरण म्हणतात. विल्यम रॉबर्ट्स-ऑस्टेन यांनी १८९६ मध्ये घन शिशामध्ये सोने पसरते, हे मोजून दाखविले तेव्हा स्थायूतील विसरणाचा पहिला पद्धतशीर पुरावा मिळाला.

विसरणाचा एक नियम कारखानदाराला वीजबिलातून शिकावा लागतो. कणांनी गाठलेली खोली वेळेच्या प्रमाणात नव्हे, तर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. कठीण थर दुप्पट जाड हवा असेल, तर भट्टी चौपट वेळ चालवावी लागते. दिशाहीन उड्या घेणाऱ्या कणाचा बराच प्रवास मागे-पुढे करण्यातच वाया जातो, हे त्याचे कारण आहे. रॉबर्ट ब्राऊन यांनी १८२७ मध्ये पाण्यात पाहिलेल्या सूक्ष्म कणांच्या थरथरीलाही हाच नियम लागू पडतो. आल्बर्ट आइनस्टाइन यांनी १९०५ मध्ये त्याचे गणित मांडले आणि झां पेरँ यांनी प्रयोगांनी ते पडताळून पाहिले. अणू ही केवळ सोयीची कल्पना नसून वास्तव आहे, हे विज्ञानजगताला त्यानंतर मान्य करावे लागले. पेरँ यांना १९२६ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कणादांच्या परमाणुवादाचा उल्लेख या संदर्भात आवर्जून केला जातो. ते श्रेष्ठ प्रतीचे तत्त्वचिंतन होते, पण त्याची सांगड मोजमापाशी घातलेली नव्हती. हा फरक उत्तरपत्रिकेतही राखला जावा.

कार्बन आत शिरल्यावर तो भाग तेलात बुडवून झपाट्याने थंड केला जातो. लोखंड जुन्या रचनेकडे परतू पाहते, पण कार्बनाला बाहेर पडण्यास वेळच मिळत नाही. फटीत कोंडलेले हे अणू जालकाला ताणून धरतात आणि थरांना एकमेकांवरून घसरू देत नाहीत. पोलादाचा कठीणपणा तो हाच.

सिलिंडरमध्ये नेमके काय असते?

वेल्डिंगच्या शेडमध्ये काळ्या रंगाचा ऑक्सिजनचा, मरून रंगाचा ॲसिटिलीनचा, कार्बन डायऑक्साइडचा आणि एलपीजीचा असे सिलिंडर शेजारी शेजारी उभे असतात. बाहेरून त्यांच्यात फरक जाणवतो तो केवळ रंगाचा व आकाराचा. आतील पदार्थाची स्थिती मात्र प्रत्येकात निराळी असते. पदार्थाच्या अवस्थांविषयीचे बहुतेक गोंधळ या चार सिलिंडरांपाशी दूर होऊ शकतात.

वायूतील रेणू सामान्य दाबाला एकमेकांपासून आपल्या व्यासाच्या सुमारे दहापट अंतरावर असतात. नेहमीच्या तापमानाला नायट्रोजनच्या रेणूचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ४७० मीटर असतो, परंतु तो एका मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतके अंतर जाण्यापूर्वीच दुसऱ्या रेणूवर आदळतो. भिंतीवरील अशा अगणित आघातांची बेरीज म्हणजे दाब. रेणूंमध्ये मोकळी जागा भरपूर असल्याने वायू दाबता येतो. ऑक्सिजनच्या नेहमीच्या मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे ४७ लिटर जागेत १५० बार दाबाखाली ७ घनमीटर वायू कोंबलेला असतो. एवढ्या दाबाखालीही तो द्रव होत नाही. प्रत्येक पदार्थासाठी असे एक तापमान असते की, त्यावर कितीही दाब दिला तरी द्रव अवस्था मिळत नाही, कारण रेणूंची गती आकर्षणाला दाद देत नाही. हे क्रांतिक तापमान. थॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ मध्ये कार्बन डायऑक्साइडवर केलेल्या प्रयोगांतून ही कल्पना स्पष्ट झाली. ऑक्सिजनसाठी ते उणे ११८ अंशांच्या आसपास आहे, प्रोपेनसाठी सुमारे ९७ अंश आणि ब्यूटेनसाठी सुमारे १५२ अंश. म्हणूनच एलपीजी नेहमीच्या तापमानाला मध्यम दाबाखाली द्रव होतो. क्रांतिक तापमानाखालील वायुरूप पदार्थाला बाष्प आणि त्यावरील पदार्थाला वायू म्हणावे, हा भेद येथूनच येतो.

या भेदाचा व्यवहारातील परिणाम मोठा आहे. ऑक्सिजन वापरला जाईल तसा दाबमापकाचा काटा खाली येतो आणि किती वायू उरला हे कळते. एलपीजीच्या सिलिंडरवर दाबमापक लावून काहीच कळणार नाही. आत द्रवाचा एक थेंब उरेपर्यंत त्या तापमानाचा बाष्पदाब तेवढाच राहतो. तेथे सिलिंडर वजन करूनच पाहावा लागतो. कार्बन डायऑक्साइडचे उदाहरण तर दोन्हींच्या सीमेवरचे आहे. त्याचे क्रांतिक तापमान ३१ अंश असल्याने हिवाळ्यात सिलिंडरमध्ये द्रव व बाष्प वेगवेगळे असतात आणि उन्हाळ्याच्या दुपारी ती सीमारेषा पुसली जाते. बंगळूरचा पारा मार्च-एप्रिलमध्ये ही मर्यादा सहज ओलांडतो. ॲसिटिलीन याहून निराळा. शुद्ध स्वरूपात साधारण एक बारपेक्षा अधिक दाब दिला, तर ते स्वतःच विघटन पावून स्फोट होऊ शकतो. म्हणून सिलिंडरमध्ये सच्छिद्र पदार्थ भरून त्यात ॲसिटोन मुरविलेले असते आणि ॲसिटिलीन त्यात विरघळवून ठेवतात. हा सिलिंडर आडवा ठेवून वापरल्यास ॲसिटोन नळीत येऊ शकते.

ऑक्सिजनच्या अवस्थेचा प्रश्न २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत सबंध देशाच्या जिव्हाळ्याचा झाला. कोविडच्या दुसऱ्या लाटेत रुग्णालयांची मागणी वाढल्याने केंद्र सरकारने २२ एप्रिल २०२१ पासून नऊ प्रकारचे उद्योग वगळता अन्य उद्योगांना ऑक्सिजन पुरविण्यावर बंदी घातली. गॅस कटिंगवर अवलंबून असणाऱ्या लघुउद्योगांना त्याची झळ बसली, पण निर्णयाची निकड निर्विवाद होती. अडचण उत्पादनापेक्षा वाहतुकीची अधिक होती. वायुरूप ऑक्सिजनचा एक सिलिंडर नेणे म्हणजे नऊ-साडेनऊ किलो ऑक्सिजनसाठी त्याच्या कित्येक पट वजनाचे पोलाद वाहून नेणे होय. उणे १८३ अंशांना द्रव केलेल्या ऑक्सिजनचा एक लिटर मात्र तापल्यावर सुमारे ८५० लिटर वायू देतो. म्हणून रेल्वेने द्रव ऑक्सिजनचे टँकर वाहण्याचे काम हाती घेतले. पहिली ‘ऑक्सिजन एक्स्प्रेस’ १९ एप्रिल रोजी कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन विशाखापट्टणमला निघाली आणि भरलेले टँकर घेऊन २३ व २४ एप्रिल रोजी अनुक्रमे नागपूर व नाशिकला पोहोचली. कर्नाटकासाठीची पहिली गाडी ११ मे रोजी जमशेदपूरहून सुमारे १२० टन द्रव ऑक्सिजन घेऊन बंगळूरच्या व्हाइटफील्ड स्थानकात आली. एवढाच ऑक्सिजन वायुरूपात आणावयाचा, तर सुमारे तेरा हजार सिलिंडर लागले असते. त्या काळात हवाई दलाची विमाने टँकर नेत होती, पण रिकामे. भरलेल्या टाकीतील द्रव सतत थोडा थोडा उकळत असतो आणि त्याचे बाष्प बाहेर सोडावेच लागते. विमानाच्या बंद पोटात ते धोक्याचे ठरले असते.

द्रव ऑक्सिजनची दुसरी बाजू नाशिकने २१ एप्रिल २०२१ रोजी अनुभवली. एका रुग्णालयाच्या आवारातील टाकीतून गळती झाली, रुग्णांच्या खाटांपर्यंत जाणारा दाब कोसळला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्या दिवशीच्या चित्रफितींत आवार पांढऱ्या ढगांनी भरून गेलेले दिसते. पुष्कळांनी तो ऑक्सिजन समजला. ऑक्सिजन वायू रंगहीन असतो. दिसत होते ते हवेतील बाष्प, अतिथंड वायूच्या सान्निध्यात संघनन होऊन बनलेले पाण्याचे सूक्ष्म थेंब. खरा वायू त्या ढगाच्या सीमेपलीकडेही पसरलेला असू शकतो. गळतीच्या प्रसंगी ढग दिसतो तेथेच धोका, असे समजणे म्हणूनच चुकीचे ठरते.

नायट्रोजन व आर्गॉन यांची गोष्ट अधिक फसवी आहे, कारण ते विषारी नाहीत. द्रव नायट्रोजनच्या एका लिटरपासून सुमारे ७०० लिटर वायू तयार होतो. तीन मीटर लांब, तितक्याच रुंद व उंच बंद खोलीत दहा लिटर द्रव नायट्रोजन सांडला, तर सात घनमीटर वायू २७ घनमीटरच्या जागेत शिरतो आणि तेथील ऑक्सिजनचे प्रमाण २१ टक्क्यांवरून सुमारे १६ टक्क्यांवर येते. १९.५ टक्क्यांखालील हवा असुरक्षित मानली जाते आणि १० टक्क्यांखाली माणूस थोडक्यात बेशुद्ध पडतो. गुदमरल्याची जाणीव शरीराला ऑक्सिजन घटल्याने नव्हे, तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचल्याने होते. येथे तो श्वासागणिक बाहेर पडतच असतो. त्यामुळे कोणतीही पूर्वसूचना मिळत नाही. पडलेल्या सहकाऱ्याला उचलण्यासाठी आत धावणारा दुसरा कामगारही अशा अपघातांत बळी पडतो.

चौथी अवस्था

वायू आणखी तापविला किंवा त्यातून पुरेसा विद्युतदाब दिला, तर अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटतात व आयन आणि इलेक्ट्रॉन यांचे मिश्रण तयार होते. ही प्लाझ्मा अवस्था. आर्गॉन वेल्डिंगची कमान, प्लाझ्मा कटिंगची ज्योत आणि पोलादात नायट्रोजन मुरविणारी प्लाझ्मा नायट्रायडिंगची भट्टी ही तिची कारखान्यातील रूपे होत. कोणत्या तापमानाला व दाबाला किती अणूंचे आयनीभवन होईल, याचे समीकरण मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडले. ताऱ्यांच्या वर्णपटांचा अर्थ त्यामुळे लागला. सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ च्या कामातून सूचित झालेली आणि १९९५ मध्ये अमेरिकेत प्रत्यक्षात आणलेली बोस-आइनस्टाइन संघनित अवस्था ही दुसऱ्या टोकाची. ती निरपेक्ष शून्याच्या अगदी निकट आढळते आणि तिचा कारखान्याशी अद्याप संबंध नाही.

प्लाझ्माचा पीण्याशी असलेला आणखी एक संबंध सहसा लक्षात येत नाही. भारतीय अंतराळ संशोधन संघटनेच्या उपग्रहांचे नियंत्रण करणारे ‘इस्ट्रॅक’ हे केंद्र याच औद्योगिक क्षेत्रात आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, तेव्हा त्याचे संचालन येथूनच झाले. त्याच्या लँडरवरील उपकरणाने चंद्रपृष्ठालगतच्या प्लाझ्माची घनता मोजली. प्राथमिक निष्कर्षानुसार एका घनमीटरमध्ये सुमारे ५० लाख ते ३ कोटी इलेक्ट्रॉन आढळले. आकडा मोठा वाटतो, पण पृथ्वीवरील हवेच्या एका घन सेंटिमीटरमध्येच सुमारे अडीच हजार कोटी अब्ज रेणू असतात. त्या तुलनेत चंद्राजवळचा हा प्लाझ्मा अत्यंत विरळ म्हणावा लागेल. कण मोजके असले, तरी ते विद्युतभारित असतात व रेडिओलहरींवर परिणाम करतात, म्हणून त्यांची मोजणी आवश्यक ठरते.

क्रोमियम आणि भूजल

पदार्थाच्या अवस्थेचे सर्वांत गंभीर परिणाम पीण्यामध्ये जमिनीखाली दिसतात. क्रोमियमचा चकचकीत मुलामा देण्यासाठी क्रोमिक आम्लाचे द्रावण वापरतात. या क्रियेत पुरविलेल्या विजेचा जेमतेम १० ते २० टक्के भाग क्रोमियम बसविण्यास उपयोगी पडतो आणि उरलेल्यापैकी बराचसा हायड्रोजनचे बुडबुडे तयार करण्यात जातो. प्रत्येक बुडबुडा पृष्ठभागावर फुटताना द्रावणाचे सूक्ष्म तुषार हवेत उडवितो. हे बाष्प नव्हे, वायूही नव्हे. वायूत तरंगणारे द्रवाचे थेंब आहेत. हा भेद केवळ शब्दांचा नाही. थेंब जाळीच्या थरावर आदळून अडकविता येतात, बाष्प तसे अडत नाही. योग्य जाळी, शोषक पंखा आणि पृष्ठभागावर फेसाचा थर असेल, तर कामगार बऱ्याच अंशी सुरक्षित राहतो. नसेल, तर षट्संयुजी क्रोमियम श्वासात जाते. ते कर्करोगकारक असून नाकाचा पडदाही त्यामुळे झिजून छिद्र पडते.

मुलामा दिलेली वस्तू धुताना हेच क्रोमियम धुवणाच्या पाण्यात उतरते. प्रक्रिया न करता ते पाणी सोडले, तर त्यातील क्रोमेट आयन ऋणभारित असल्याने मातीचे बहुधा ऋणभारित कण त्यांना धरून ठेवत नाहीत आणि ते पाण्यासोबत खाली उतरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या सर्वंकष निर्देशांकात पीण्याचा समावेश ६० ते ७० गुणांच्या, म्हणजे तीव्र प्रदूषित क्षेत्रांच्या गटात होता. येथील भूजलात षट्संयुजी क्रोमियम असल्याचे अनेक अभ्यासांतून नोंदविले गेले आहे. पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची भारतीय मानकाने ठरविलेली मर्यादा लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम आहे.

उपाय अवस्थाबदलाचाच आहे. सांडपाणी आम्लयुक्त करून त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट किंवा फेरस सल्फेट घालतात. षट्संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजी क्रोमियम होते आणि पिवळे-नारिंगी पाणी हिरवट दिसू लागते. नंतर चुन्याने सामू ८ ते ९ च्या दरम्यान आणला की क्रोमियम हायड्रॉक्साइड स्थायू रूपात खाली बसते. विरघळलेला, म्हणून कोठेही जाऊ शकणारा पदार्थ असा एका जागी थांबविला जातो. गाळ सुरक्षित भरावक्षेत्रात न्यावा लागतो आणि लहान कारखान्याला हाच खर्च जड वाटतो. त्यामुळे सामाईक प्रक्रिया व्यवस्थेविना केवळ दंडाच्या भीतीवर विसंबणे व्यवहार्य नाही. धुवणाचे पाणी एकामागून एक टाक्यांत उलट दिशेने फिरविले, तर पाणीही कमी लागते आणि वाहून जाणारे क्रोमिक आम्ल पुन्हा वापरता येते. कारखानदाराला हा मार्ग स्वस्त पडतो.

जे आधीच जमिनीत गेले आहे त्याचे काय? बंगळूरखाली कठीण नाइस व ग्रॅनाइट खडक असून भूजल त्यातील भेगांतून वाहते. पाण्यात विरघळलेला आयन केवळ विसरणाने वर्षाकाठी सुमारे पाव मीटर सरकतो. वर्गमुळाच्या नियमाने चार वर्षांत अर्धा मीटर आणि शंभर वर्षांत अडीच मीटर. तेव्हा प्रदूषण दूरवर पोहोचते ते विसरणाने नव्हे, भेगांतील प्रवाहाने आणि विंधनविहिरींच्या उपशाने. मात्र वाटेत भेगांच्या दोन्ही बाजूंच्या खडकातील सूक्ष्म छिद्रांत क्रोमियम विसरणानेच, हळूहळू शिरत राहते. भेगेतील पाणी उपसून स्वच्छ केले की संहतीचा उतार उलटा होतो आणि छिद्रांतील क्रोमियम तितक्याच संथपणे बाहेर येऊ लागते. उपसा थांबल्यानंतर काही काळाने विहिरीतील प्रमाण पुन्हा वाढते, ते यामुळे. भूजल तपासणीत एकदा स्वच्छ नमुना मिळाला म्हणून विहीर पिण्यासाठी खुली करता येत नाही; नमुने वर्षानुवर्षे, ठराविक अंतराने घ्यावे लागतात.